खंदकयुद्धाचा मॉडेल-संच: शस्त्रं अचूक, पण दोन्ही खंदक एकाच सालातले

पहिल्या महायुद्धातल्या खंदकांचा १:७२ मापाचा हा संच दोन फळ्यांचा आहे. एका फळीवर १९१५च्या वसंतातला ब्रिटिश बाजूचा खंदक, दुसरीवर १९१७च्या अखेरचा जर्मन खंदक. रत्नागिरी-चिपळूणकडे शालेय साहित्याच्या दुकानांत तो मागवून मिळतो, किंमत तीन हजारांच्या आत. डिसेंबर-जानेवारीतल्या प्रदर्शनांसाठी शाळा आणि मॉडेल करणारी हौशी मंडळी अशी खरेदी करतात, त्यामुळे हा संच बारकाईने तपासायलाच हवा.

खोक्यात काय आहे ते आधी. ३०५ × ४५७ मिलिमीटरच्या दोन एमडीएफ फळ्या, खंदक कोरलेले ४० मिलिमीटर जाडीचे फोमचे दोन ठोकळे, रेझिनचे २४ सैनिक, एक व्हिकर्स मशीनगन, एक स्टोक्स उखळी तोफ, थ्रीडी प्रिंट केलेला मार्क चार रणगाडा, त्याच्यावरचा काटक्यांचा भारा, लेझरने कापलेल्या १८ लाकडी चौकटी, तांब्याच्या तारेचं रीळ, मातीची पूड, भुशाचं गवत आणि १६ पानी मराठी पुस्तिका.

शस्त्रांचं काम मनापासून केलेलं आहे. व्हिकर्सच्या नळीभोवती पाण्याचं आवरण आहेच, शिवाय त्यातून निघणारी रबरी नळी आणि खाली ठेवायचा डबाही दिलाय. त्या आवरणात सुमारे चार लिटर पाणी मावायचं आणि सतत गोळीबार केला की ते उकळायचं. वाफ बाहेर सोडली तर मशीनगनची जागा शत्रूला दिसणार, म्हणून ती डब्यातल्या पाण्यात नेऊन थंड करायची आणि तेच पाणी पुन्हा वापरायचं. एवढ्या छोट्या मापात हा डबा सहसा कुणी देत नाही. रणगाडाही मापात आहे. खरा मार्क चार ८ मीटरपेक्षा किंचित लांब होता, संचातला ११२ मिलिमीटरचा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या सहा-पाउंडी तोफांच्या नळ्या आखूड आहेत, आणि तेच बरोबर. मार्क एकच्या लांब नळ्या जमिनीत आणि झाडाझुडपांत अडकायच्या म्हणून मार्क चारला आखूड नळ्या बसवल्या गेल्या.

खोट आहे ती खंदकात. दोन्ही ठोकळ्यांवर एकाच साच्यातला खंदक कोरलाय: वरून २५ मिलिमीटर रुंद, २८ मिलिमीटर खोल, चार कोनाडे (खंदकाचे सरळ तुकडे) आणि तीन आडबांध (त्यांच्यामधे न खणता सोडलेले मातीचे ठोकळे). १९१५साठी ही मापं उत्तम आहेत. १९१७साठी ती जवळजवळ सगळी चुकीची आहेत. मधल्या दोन वर्षांत जी जी नवी शस्त्रं आली, त्यांतल्या प्रत्येकाने खंदकाची रुंदी, खोली, आकार किंवा जागा बदलायला लावली. संचाने शस्त्रं बदलली आणि खड्डा तसाच ठेवला. पाहणाऱ्या मुलाला वाटेल की चार वर्षं माणसं त्याच चरात बसून होती आणि फक्त हातातली हत्यारं बदलत गेली.

पहिली फळी लावताना आडबांध नीट समजून घ्या. खंदक सरळ खणला तर एका टोकाला शिरलेला शत्रू किंवा तिथे लावलेली मशीनगन सगळी लांबी एका रेषेत झोडपू शकते. शिवाय आत पडलेल्या एका गोळ्याचे तुकडे दोन्हीकडे लांबवर उडतात. म्हणून सहा ते नऊ मीटरच्या कोनाड्यानंतर तीनेक मीटर जाडीचा मातीचा ठोकळा न खणता सोडायचा आणि वाट त्याला मागून वळसा घालून न्यायची. संचात कोनाडा ८३ मिलिमीटरचा आणि आडबांध ४२चा आहे, म्हणजे सहा मीटर आणि तीन मीटर. हे छान जमलंय. समोरच्या बांधाचा माथा मात्र सात मिलिमीटरच ठेवलाय, म्हणजे अर्धा मीटर. रायफलची गोळी थांबवायला मीटरभर तरी माती लागते. शाडूचा थर देऊन माथा १४ मिलिमीटर करा. उभं राहून गोळी झाडायची पायरी सहा ते आठ मिलिमीटर उंच हवी. ती नसेल तर २४ मिलिमीटरचा सैनिक २८ मिलिमीटर खोल खंदकातून बाहेर बघणार कसा?

लाकडी चौकटींबाबत पुस्तिकेतली आकृती चुकली आहे. या चौकटी इंग्रजी ए अक्षराच्या आकाराच्या असतात. पुस्तिकेने त्या सुलट उभ्या केल्यात, खऱ्या खंदकात त्या उलट्या बसवत. निमुळतं टोक तळाला, पसरट बाजू वर. मधल्या आडव्या दांड्यावर चालायच्या जाळीदार फळ्या टेकतात आणि त्यांच्याखाली निमुळत्या पोकळीतून पाणी वाहतं. वर पसरलेले दोन पाय मातीच्या भिंती बाहेरच्या बाजूला दाबून धरतात. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या पश्चिमेकडच्या सखल भागात, जमिनीखालचं पाणी इतकं वर असतं की ही सोय नसेल तर खंदकाचा ओढाच होतो. कित्येक ठिकाणी तर खाली खणताच येत नव्हतं, म्हणून पोत्यांच्या भिंती जमिनीवर उभ्या केल्या गेल्या. चौकटी मीटर-मीटरवर, म्हणजे १४ मिलिमीटरवर लावायच्या. १८ चौकटी फक्त तीन कोनाड्यांना पुरतात. चौथ्या कोनाड्यात बांबूच्या कामट्या विणून भिंतीला टेकवा. तशा विणलेल्या तट्ट्याही तेव्हा सर्रास वापरात होत्या.

काटेरी तार संचात बांधापासून तीन सेंटिमीटरवर येते, म्हणजे खऱ्या मापात दोन मीटरवर. तिथे तारेचा काही उपयोग नाही. तारेपाशी अडकलेला शत्रू तिथूनच हातबॉम्ब आत टाकेल. तार हातबॉम्ब पोचणार नाही इतकी लांब हवी, वीस मीटर तरी. १:७२मध्ये ते सुमारे २८ सेंटिमीटर होतात आणि फळीची रुंदीच ३०.५ आहे. उपाय एकच: खंदक फळीच्या मागच्या कडेला सरकवा, पुढे तेवढ्याच रुंदीची दुसरी फळी जोडा आणि तार तिच्यावर लावा. फळी वाढवायची नसेल तर तार सरळ गाळून टाका. चुकीच्या जागी लावण्यापेक्षा ते बरं.

खुंट म्हणून सरळ काड्या दिल्यात. सुरुवातीला लाकडी खुंट हातोड्याने ठोकत आणि रात्रीच्या शांततेत त्या ठोक्यांवर गोळीबार यायचा. मग लोखंडी पिळाचे खुंट आले. ते दांडा घालून बुचाच्या स्क्रूसारखे जमिनीत फिरवायचे, आवाज होत नाही. संचातली तार एक मिलिमीटरच्या सुईभोवती गुंडाळून तीन वेटोळी काढा आणि खुंटाची उंची २० मिलिमीटर ठेवा.

१९१५च्या सैनिकांना पोलादी टोप दिलेत. ब्रिटिश फौजेत ते टोप त्या वर्षाच्या अखेरीस येऊ लागले आणि सगळ्यांच्या डोक्यावर १९१६मध्ये बसले. वसंतातल्या फळीवर कापडी टोप्या हव्यात, हिंदी सैनिक दाखवायचे तर फेटे. मार्च १९१५च्या, फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या लढाईत हिंदी सैन्याचं कोअर होतं, आणि त्याच गावात आदल्या ऑक्टोबरच्या २८ तारखेला बॉम्बे सॅपर्सच्या (खणकाम-बांधकाम करणाऱ्या सैनिकांच्या) २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी मोठी हानी सोसली होती. टोपाचा काठ ब्लेडने उतरवून वर दोन भागांची इपॉक्सी पुटी वळली की फेटा होतो. मिल्स हातबॉम्बची पेटीही या फळीवरून उचला. तो बॉम्ब १९१५मध्येच स्वीकारला गेला, पण वसंतात आघाडीवरचे लोक जॅमच्या डब्यात स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरून वात लावत होते. एक मिलिमीटरच्या प्लास्टिक दांड्याचे दीड मिलिमीटर लांब तुकडे कापले की डबे तयार. मिल्सची पेटी दुसऱ्या सालासाठी ठेवा, कारण पाऊण किलोचा भरवशाचा हातबॉम्ब हाती आल्यावर खंदकातली लढाई कोनाड्या-कोनाड्यातली झाली. एक जण आडबांधावरून बॉम्ब टाकणार, संगीन लावलेले दोघं वळसा घालून आत शिरणार. आडबांध दाखवायचं खरं कारण इथे मुलांना समजतं.

विषारी वायूचा संचात मागमूस नाही, आणि ही सर्वांत मोठी उणीव आहे. २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी ५,७३० नळकांड्यांतून क्लोरीन सोडला. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीच पट जड, त्यामुळे तो उतारावरून वाहत येऊन खंदकात साठतो. गोळ्यांपासून वाचवणारी खोल जागाच आता घातक ठरली. यानंतर जमिनीखालच्या खोल्यांच्या तोंडाला ओल्या ब्लँकेटचे दोन पडदे आले, तिरक्या चौकटीवर, म्हणजे पडदा आपल्या वजनाने चौकटीला चिकटून बसेल. दोन पडद्यांमध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. मापात १४ मिलिमीटर अंतर ठेवा. टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये बुडवून तिरक्या चौकटीवर टाकला की पडदा हुबेहूब दिसतो. बाहेर इशाऱ्याची घंटा म्हणून तोफगोळ्याचं रिकामं पितळी पुंगळं टांगा, चार मिलिमीटर लांब पितळी नळीचा तुकडा पुरतो. हे सगळं १९१७च्या फळीवर. वसंत १९१५मध्ये यातलं काहीच नव्हतं आणि माणसं ओल्या कापडाने नाक-तोंड झाकत होती.

स्टोक्स तोफ पुस्तिकेने पुढच्या कोनाड्यात ठेवायला सांगितलीय. विल्फ्रेड स्टोक्स यांनी १९१५च्या जानेवारीत आखलेली ही साधी नळी: बॉम्ब वरून सोडायचा, तळाच्या टोचणीवर आपटून तो उडतो. मिनिटाला वीसच्या वर बॉम्ब सुटत आणि ते उभ्या कोनात खाली येत, म्हणजे आडबांध असो की जाड बांध, वरून उघडा खंदक सुरक्षित राहिला नाही. ती उडाली की प्रत्युत्तराचा भडिमार त्याच जागी यायचा, म्हणून ती पुढच्या ओळीत न ठेवता थोडी मागे वेगळ्या खड्ड्यात ठेवत. आघाडीचे पायदळवाले या तोफांच्या शेजारावर वैतागलेले असत ते याचमुळे. मुख्य खंदकामागे ५० मिलिमीटरवर चौकोनी खड्डा कोरा, वर आच्छादन नको. तोफ मात्र १९१५च्या फळीवर नको, पुढच्या वर्षांतल्या ब्रिटिश बाजूसाठी राखून ठेवा.

आता दुसरी फळी. इथे कटर हातात घ्यावाच लागतो.

रणगाडे पहिल्यांदा १५ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समध्ये फ्लेर-कूर्सलेतच्या लढाईत उतरले. मार्क चार स्वतःच्या बळावर सुमारे तीन मीटर रुंदीचा खंदक ओलांडायचा. जर्मनांनी याला दिलेलं उत्तर साधं होतं: हिंडेनबर्ग रेषेवर, म्हणजे त्यांच्या मागच्या मजबूत बचावरेषेवर, खंदक साडेतीन मीटर आणि त्याहून रुंद केले. म्हणून २० नोव्हेंबर १९१७ला काँब्रेच्या लढाईत रणगाड्यांच्या डोक्यावर काटक्यांचे प्रचंड भारे बांधले गेले. खंदकाच्या काठावर आलं की भारा आत सोडायचा आणि त्याच्यावरून पलीकडे जायचं. पुढे मार्क पाच स्टार हा रणगाडा तर सहा फुटांनी लांबच केला. खंदकाने रणगाडा बदलला आणि रणगाड्याने खंदक, हे एका फळीवर दाखवता येण्यासारखं दुसरं उदाहरण नाही. आणि संचात भारा आहे, पण खंदक १.८ मीटरचा! रणगाडा त्यावरून भाऱ्याशिवायच सरळ निघून जातो. मग भारा कशाला, असं मूल विचारणारच.

दुरुस्ती अशी: फोमची पुढची भिंत कापून खंदकाची वरची रुंदी ५२ मिलिमीटर करा. रणगाडा आडवा सरकवला की नाक खाली जाऊन पलीकडच्या भिंतीला टेकलं पाहिजे. प्रिंट पोकळ असल्याने वजनाचा तोल खऱ्यासारखा नाही. तळाशी मध्यावर शिशाचा एक गोळा किंवा मासेमारीच्या जाळ्याचं वजन चिकटवलं तर तो सुधारतो. संचातला रेझिनचा भारा ठोकळ्यासारखा दिसतो, तो टाकून द्या. माडाच्या झावळीची हीर घ्या, दोन मिलिमीटर जाडीची. ४२ मिलिमीटर लांबीचे ७५ तुकडे आवळून बांधले की बरोबर १९ मिलिमीटर व्यासाचा भारा होतो. खऱ्या भाऱ्यातही काटक्यांच्या सुमारे ७५ मोळ्या असत, साखळ्यांनी करकचून आवळलेल्या, वजन दीड टनाच्या वर. हीर हिरवी नको, वाळल्यावर आकसते आणि भारा सैल पडतो.

रुंदीपेक्षाही मोठा बदल तोफखान्याने घडवला. १ जुलै १९१६ला फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर ब्रिटिशांचे एका दिवसात ५७,४७० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, त्यांतले १९,२४० मेले. आधीचा आठवडाभर पंधरा लाखांवर गोळे टाकूनही कित्येक ठिकाणी तार तुटली नव्हती. बरेच गोळे जमिनीत घुसून मग फुटत, तार वर उडून पुन्हा तिथेच गुंता होऊन पडे. १९१७मध्ये १०६ क्रमांकाचा फ्यूज आला. तो जमिनीला स्पर्श होताच गोळा फोडायचा, त्यामुळे स्फोट आडवा पसरून तार कापली जायची आणि खड्डा उथळ राहायचा. फळीवर हा फरक दाखवा: १९१६चे खड्डे खोल आणि त्यांच्या काठावर तारेचे गुंते, १९१७चे उथळ आणि तार तुकडे झालेली. आवाजावरून आणि नळीच्या झळाळीवरून शत्रूच्या तोफांची जागा काढण्याचं तंत्रही पक्कं झालं. त्यामुळे काँब्रेला हजारावर तोफांनी आधी चाचणीचे गोळे न टाकता, नकाशावरच्या हिशेबाने थेट मारा सुरू केला.

अशा माऱ्याखाली पहिल्या ओळीत माणसं दाटीने बसवणं म्हणजे त्यांना मारणं. म्हणून १९१६-१७च्या हिवाळ्यात जर्मनांनी बचाव रेषेऐवजी खोलीत मांडला. पुढे विरळ चौक्या, गोळ्यांच्या खड्ड्यांत दोघं-तिघं आणि एक हलकी मशीनगन, मागे काँक्रीटच्या बुटक्या कोठ्या एकमेकींना आधार देणाऱ्या, आणि त्याहून मागे प्रतिहल्ल्याची फौज. १९१७च्या फळीवर सलग खंदकात सात-आठ जर्मन खांद्याला खांदा लावून उभे करणं म्हणूनच चूक आहे. पुढच्या भागात फोममध्ये पाच-सहा खड्डे करा, प्रत्येकात दोघं. मागच्या कोपऱ्यात २५ मिलिमीटर उंचीची काँक्रीट कोठी ठेवा, पीओपीच्या ठोकळ्याची होते. तिची फट समोर नको, बाजूला. ती शेजारच्या कोठीसमोरची जमीन झाकते आणि तिच्यावर समोरून सरळ मारा करता येत नाही.

कोकणातल्या हवेबद्दल पुस्तिकेत एक ओळही नाही. पावसाळ्यात एमडीएफच्या कडा फुगतात आणि एकाच बाजूला पाण्याचं काम केलं की फळी वाकते. काम सुरू करण्याआधी चारी कडा, वर आणि खाली, लाखेच्या पॉलिशचे किंवा सँडिंग सीलरचे दोन हात द्या. फोमवर थेट स्प्रे रंग मारलात तर तो विरघळून चाळणी होते. आधी फेविकॉल आणि अॅक्रिलिक रंग समभाग मिसळून दोन थर. जुलै-ऑगस्टमध्ये वार्निशचा स्प्रे टाळाच, दमट हवेत ते पांढरं पडतं. रेझिनचे सैनिक साबणाने धुऊन घेतले नाहीत तर रंग सुटतो. वाकलेल्या बंदुका गरम पाण्यात धरून सरळ करायच्या आणि लगेच गार पाण्यात बुडवायच्या. तांब्याची तार खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडते, म्हणून लावण्याआधीच काळा-तपकिरी रंग. भुशाच्या गवताला बुरशी येते. ते वापरूच नका, तोफांनी झोडपलेल्या जमिनीवर गवत फारसं उरत नसे.

मातीची पूड लाल आहे, जांभ्याच्या रंगाची. आपल्या सड्यावर शोभेल, फ्लँडर्समध्ये नाही. तिथली चिकणमाती राखी, सोमची जमीन खडूची, खणली की पांढरी. पेणकडे गणपतीच्या कारखान्यांत मिळणारी शाडू फ्लँडर्सच्या चिखलासाठी नेमकी आहे. चार भाग शाडू, एक भाग भिजवलेल्या कागदाचा लगदा, अर्धा भाग फेविकॉल. थर तीन मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नका, तडे जातात. उन्हात ठेवू नका, सावलीत दोन दिवस. खंदकाच्या तळाला मात्र शेवटी चकाकीचं वार्निश द्या, सुक्या तळाचा फ्लँडर्स कुणाला पटणार नाही.

पुस्तिकेत मेसोपोटेमियाचं (आजच्या इराकचं) नाव नाही, याचं वाईट वाटतं. कोकणातल्या कित्येक गावांत, शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीवर, या गावातून महायुद्धाला किती माणसं गेली आणि त्यांतली किती मेली हे सांगणारी दगडी पाटी आहे. १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा पलटण तिथल्या टायग्रिस नदीकाठच्या कूत गावाच्या वेढ्यात होती, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. संचातली पहिली फळी थोड्या फेरफाराने कूतची होते, आणि इथल्या शाळांनी तीच करावी असं आमचं ठाम मत आहे. लाकडी चौकटी काढा, तिथे लाकूड दुर्मिळ होतं. भिंती उभ्या ठेवा, टायग्रिसचा गाळ कोरडा असताना उभा राहतो आणि भिजला की कोसळतो. रंगासाठी शाडूत बारीक वाळू आणि चिमूटभर पिवळी माती. पोलादी टोप नको, फेटे हवेत. मशीनगन एकच ठेवा: १९१४मध्ये एका हिंदी पलटणीकडे एकूण दोनच मशीनगन असत.

आणि नदीच्या बाजूला मातीचा बांध घाला. जानेवारी १९१६मध्ये टायग्रिसला पूर येऊन पुढचे खंदक बुडाले, दोन्ही बाजूंना मागे सरावं लागलं. फळीच्या कडेला दोन सेंटिमीटर रुंद पट्टी रेझिनने ओतून नदी करता येते. रेझिन एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त ओतू नका, तापून फोम वितळतो. बांध १२ मिलिमीटर उंच, नदीची पातळी खंदकाच्या तळापेक्षा वर. पाणी खंदकात उतरलेलं दाखवायचं असेल तर एका कोनाड्यात पायरीपर्यंत रेझिन भरा आणि त्या कोनाड्यात सैनिक ठेवू नका.

सैनिकांची पिशवी दुकानात सुटी मिळते का ते विचारा. दोन्ही फळ्या आणि कूत मिळून २४ पुरत नाहीत. रणगाडा लागणार नसेल तर फक्त पहिली फळी मागवता येते का, तेही विचारून घ्या.